आरशासारखं चमकतं म्हणून प्रूफ? १८८४च्या अर्ध्या डॉलरच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत राहणाऱ्या, ब्रिटिश इंडियाची चांदीची नाणी जमवणाऱ्या एका संग्राहकाला १८८४चा सीटेड लिबर्टी (बसलेल्या स्वातंत्र्यदेवीचं चित्र असलेला) अर्धा डॉलर ‘प्रूफ’, म्हणजे चलनासाठी नव्हे तर मुद्दाम वेगळ्या पद्धतीने घडवलेलं नाणं, म्हणून देऊ केला आहे. नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, नाही. विक्रेत्याचं म्हणणं, आरशासारखं चमकतंय म्हणजे प्रूफच. हे मानायचं का? आणि एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन चांदीची प्रूफ नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करायची?

चमकेवरून मानू नका. १८८४सारख्या सालात तर मुळीच नको. सरकारला दरमहा चांदी विकत घेऊन डॉलर पाडायला लावणाऱ्या १८७८च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यानंतर फिलाडेल्फियाची टांकसाळ चांदीचे डॉलर पाडण्यात गुंतली आणि अर्ध्या डॉलरचं काम जवळजवळ बंद पडलं. १८८४मध्ये चलनासाठी फक्त ४,४०० अर्धे डॉलर निघाले, प्रूफ ८७५. इतक्या थोड्या नाण्यांत ठसा, म्हणजे नाणं पाडायचा पोलादी साचा, झिजतच नाही. नव्याने घासून पॉलिश केलेल्या ठशाची झाक चलनी नाण्यांवरही उतरते. त्यामुळे १८७९ ते १८९० या काळातले चलनी अर्धे डॉलर पुष्कळदा आरशासारखे दिसतात. बाजारात यांना ‘प्रूफलाइक’ म्हणतात. ती नाणीही दुर्मिळ आहेत, काही वेळा प्रूफपेक्षा महागही असतात, पण ती प्रूफ नव्हेत.

प्रूफ ही नाण्याची अवस्था नाही, घडवण्याची पद्धत आहे. एवढं पक्कं धरलं की पुढचे निम्मे घोळ टळतात. प्रूफसाठी ठसा पॉलिश केला जाई आणि कोरी चकतीही पॉलिश केली जाई. चकती हाताने ठेवायची, पदकांसाठीच्या जड दाबयंत्रात संथ आणि जोरकस दाब द्यायचा आणि नाणं हातानेच उचलायचं. चलनी नाणं धडाधड पडून इतर नाण्यांवर आदळतं, प्रूफच्या वाट्याला ते येत नाही. पुढे हेच प्रूफ कुणी खर्चून टाकलं, खिशात झिजलं, तरी ते प्रूफच राहतं. त्याला ‘इम्पेअर्ड प्रूफ’ म्हणतात. उलट, कितीही सुंदर जपलेलं चलनी नाणं प्रूफ होत नाही.

आता नाणं हातात घेतल्यावर काय बघायचं ते. खोली अंधारी करा आणि एकच दिवा ठेवा, साधा पिवळा ६० ते ७५ वॉटचा किंवा तेवढ्याच उजेडाचा, नाण्यापासून हातभर अंतरावर. ट्यूबलाइट किंवा पसरट एलईडी पॅनेलखाली काहीच कळत नाही, उजेड सगळीकडून येतो आणि ओरखडे लपतात. खाली मऊ कापड अंथरा, नाणं काठावर धरा आणि तोंड बंद ठेवा. बोलताना उडालेला थुंकीचा बारीक थेंब काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन बसतो आणि तो निघत नाही. भिंग पाच ते सात पटीचं पुरे.

पहिल्यांदा नाणं दिव्याखाली सावकाश गोल फिरवा. चलनी नाण्यात धातू ठशाच्या कडेकडे वाहत गेलेला असतो. त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेघांमुळे फिरवताना उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. प्रूफलाइक नाण्यात आरसा असला तरी त्याच्या तळाशी, विशेषतः कडेजवळ, ही फिरणारी झळाळी थोडी तरी शिल्लक असते. प्रूफमध्ये ती नसते. तिथे फील्ड, म्हणजे आकृतीभोवतीची सपाट जागा, एका कोनात काळी आणि दुसऱ्या कोनात पांढरीशुभ्र दिसते, मधली अवस्था नाही. छापील मजकूर नाण्यासमोर धरून मागे न्या: चांगल्या प्रूफमध्ये वीतभर अंतरावरूनही अक्षरं वाचता येतात, प्रूफलाइकमध्ये बहुधा त्याआधीच धूसर होतात. टोनिंग, म्हणजे चांदीवर काळाने चढलेला रंग, गडद असेल तर मात्र ही कसोटी चालत नाही.

मग कड, म्हणजे दर्शनी बाजूभोवतीचा उंच घेर, बघा. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण इथे आहे. प्रूफमध्ये जास्त दाबामुळे धातू कॉलरच्या, म्हणजे पाडताना नाण्याभोवती असलेल्या कड्याच्या, कोपऱ्यात पूर्ण भरतो, त्यामुळे कडेचा माथा सपाट असतो आणि काठाला, म्हणजे नाण्याच्या जाडीच्या बाजूला, काटकोनात मिळतो. काही नाण्यांवर तिथे बारीक धारदार उंचवटाही उभा राहतो. आतल्या बाजूलाही कड फील्डला उभी छेदते, गोलसर उतरत नाही. कडेलगतचे दाते एकमेकांपासून स्वच्छ सुटलेले असतात. चलनी नाण्याची कड किंचित गोलसर, एखाद्या बाजूला अरुंद किंवा मऊ असते. नाणं स्लॅबमध्ये असेल तर काठ नीट दिसत नाही. सुटं नाणं तपासण्याचा हा एकच फायदा, तेव्हा तो पुरेपूर घ्या.

छाप किती खोल उठली आहे तेही बघायचं: तेराही ताऱ्यांच्या मधल्या रेषा, लिबर्टीच्या डोक्यावरचे केस, पायातली चप्पल, मागच्या बाजूला गरुडाचे पंजे. प्रूफमध्ये हे सगळं पूर्ण हवं. एखादा तारा सपाट असला तर शंका घ्यावी. पण उलटं मात्र खरं नाही, १८८०च्या दशकातले फिलाडेल्फियाचे चलनी अर्धे डॉलरही पुष्कळदा पूर्ण उठावाचे असतात. म्हणून उठाव बघून नाणं बाद करता येतं, पण मान्य करता येत नाही.

शेवटी ठसा जुळवा. मोठ्या लिलावसंस्थांचे जुने निकाल छायाचित्रांसह ऑनलाइन पाहता येतात. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या दोघांचे पुरतील. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थांनी प्रूफ ठरवलेले १८८४चे पाच-सहा अर्धे डॉलर काढा. सालाच्या आकड्यांची जागा खालच्या दात्यांच्या संदर्भात पहा: पहिला १ कुठल्या दात्यावर आहे, ४चा पाय दोन दात्यांच्या मध्ये आहे की एकावर. ढालीच्या पट्ट्यांत ठशावरच राहिलेल्या रेघा असतील तर त्या शोधा. तुमच्या नाण्याचा ठसा यांतल्या एकाही प्रूफशी जुळत नसेल तर काम थांबवा. जुळला तर आशा आहे, खात्री नाही, कारण प्रूफसाठी वापरलेला ठसा पुढे चलनी नाण्यांसाठी वापरला गेल्याची उदाहरणं आहेत.

वजन आणि व्यास नकली नाणं पकडायला उपयोगी, प्रूफ ठरवायला नाही, कारण प्रूफ आणि चलनी दोन्ही सारखीच. १८७३नंतरचा अर्धा डॉलर १२.५० ग्रॅम, ३०.६ मिमी, पावली, म्हणजे क्वार्टर, ६.२५ ग्रॅम, २४.३ मिमी, डाइम, म्हणजे दहा सेंट, २.५० ग्रॅम, १७.९ मिमी. डॉलर २६.७३ ग्रॅम आणि ३८.१ मिमी, पण ट्रेड डॉलर (आशियाशी व्यापारासाठी पाडलेला) २७.२२ ग्रॅम. सगळ्यांत चांदी ९०० टच, म्हणजे ९० टक्के. १८५३ ते १८७३ या काळातला अर्धा डॉलर १२.४४ ग्रॅमचा होता. हा फरक लक्षात न ठेवल्याने चांगली नाणी हलकी म्हणून नाकारली जातात. ट्रेड डॉलरच्या बाबतीत वजनकाटा आणि लोहचुंबक जवळ असल्याशिवाय सुटं नाणं घेऊच नका, त्याच्या चिनी नकलांचा बाजारात सुळसुळाट आहे.

समजा, नाणं खरंच प्रूफ निघालं. मग खरा प्रश्न त्याच्या पृष्ठभागाचा, आणि या छंदातले पैसे इथेच जातात किंवा राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना नाणं काळं पडलेलं आवडत नसे. ते फडक्याने पुसत, खडूची पूड लावून चमकवत, लाकडी कपाटाच्या खणात सरकवून ठेवत. प्रूफचा आरसा इतका नाजूक की मऊ कापूसही रेघा पाडून जातो. म्हणून उरलेल्या प्रूफपैकी बहुतेकांवर ‘हेअरलाइन’ म्हणतात त्या केसासारख्या रेघा असतात. प्रूफची ६०पासून ७०पर्यंतची श्रेणी मुख्यतः त्यांच्यावर ठरते: ६० ते ६२मध्ये त्या दाट आणि पहिल्या नजरेत दिसणाऱ्या, ६३मध्ये ठळक पण सुसह्य, ६४मध्ये नाणं तिरपं केल्यावर दिसणाऱ्या, ६५च्या वर शोधाव्या लागणाऱ्या.

इथे नवशिक्यांची एक गल्लत हमखास होते. प्रूफच्या फील्डमध्ये दिसणारी प्रत्येक रेघ हेअरलाइन नसते. ठसा पॉलिश करताना त्यावर पडलेल्या रेघाही नाण्यावर उमटतात. दोन्ही सारख्याच बारीक, पण ठशावरचा खड्डा नाण्यावर उंचवटा होतो. म्हणून पॉलिशच्या रेघा नाण्यावर उठलेल्या असतात आणि हेअरलाइन कोरलेल्या. भिंगातून ते ठरवणं कठीण वाटलं तर रेघ कुठे थांबते ते पहा. ठशात फील्ड हा सगळ्यात उंच भाग आणि अक्षरं, तारे, आकृती हे खोल गेलेले. पॉलिश करणारी पट्टी खोल भागात पोचत नाही. त्यामुळे पॉलिशची रेघ ताऱ्याच्या पायथ्याशी येऊन थांबते आणि पलीकडे त्याच ओळीत पुन्हा सुरू होते, ताऱ्यावर चढत नाही. फडक्याची रेघ मात्र उंचवट्यावरही चढते आणि ताऱ्याच्या आडोशाला, जिथे फडकं टेकत नाही, तिथे फिकट होते. पॉलिशच्या रेघांनी किंमत कमी होत नाही, आणि ठसा जुळवताना त्यांचीच मदत होते.

तशाच ‘लिंट मार्क’च्या खुणा. ठशावर किंवा चकतीवर पडलेला धागा दाबला जाऊन नाण्यात वाकडी, खोलगट, टोकं गोल असलेली खूण उमटते. ही टांकसाळीतलीच, ओरखडा नव्हे. मोठी, लिबर्टीच्या समोरच असेल तर थोडी किंमत उतरते, पण तिच्यामुळे नाणं नाकारू नये.

धुतलेलं नाणं ओळखायला शिकावं लागेल. थायोयुरिया आणि आम्ल असलेल्या द्रावात, ज्याला बाजारात ‘डिप’ म्हणतात, बुडवलं की काळेपणाबरोबर चांदीचा अगदी वरचा थरही जातो. एकदा, झटपट आणि नीट धुऊन घेतलेलं नाणं शुभ्र राहतं आणि तज्ज्ञही ते स्वीकारतात. दोन-तीनदा बुडवलं की आरसा निस्तेज होतो, काचेवर वाफ धरल्यासारखा. आणि गडद, जवळजवळ काळं टोनिंग असलेलं प्रूफ ‘आत छान असेल’ म्हणून कधीही डिप करू नका. चांदीच्या सल्फाइडचा थर आधी फिकट सोनेरी, मग जांभळट, मग निळा दिसतो आणि जाड होत काळा पडतो. त्या टप्प्याला पोचेपर्यंत त्याने खालचा धातू खाल्लेला असतो. थर गेला की तळाशी खरबरीत चांदी उरते.

नैसर्गिक टोनिंगमध्ये रंग या क्रमाने, कडेकडून मध्याकडे सावकाश बदलतात आणि त्यांच्यातून आरसा दिसत राहतो. रंगाखाली आरसा मेलेला असेल, किंवा क्रम सोडून एकदम गर्द जांभळा-केशरी डाग असेल, तर तो उष्णतेने किंवा रसायनाने चढवलेला समजा. टोनिंगखाली हेअरलाइन दडतात हेही विसरू नका. रंगीत नाणं पांढऱ्यापेक्षा दुप्पट वेळ फिरवून पहायचं.

ठशाच्या खोल भागाला आम्लाने खरबरीत करत, त्यामुळे आकृती दुधी आणि फील्ड काळं असा भेद दिसतो, त्याला ‘कॅमिओ’ म्हणतात. ठसा वापरता वापरता हा दुधीपणा झिजतो, म्हणून सुरुवातीच्या नाण्यांवरच तो दाट असतो. १८९६ ते १८९८ या सालांतली बार्बर आणि मॉर्गन प्रूफ (ही नावं नाण्यांचं चित्र कोरणाऱ्यांची) यासाठी नावाजलेली. १९०२पासून टांकसाळीने आकृतीही पॉलिश करायला घेतली आणि तो देखणेपणा गेला. पीसीजीएसच्या लेबलवर दाट कॅमिओला डीकॅम लिहितात, एनजीसीच्या लेबलवर अल्ट्रा कॅमिओ. त्यासाठी मागितली जाणारी जादा रक्कम मला बहुतेक वेळा रास्त वाटते, कारण ही गोष्ट नंतर कुणी चढवू शकत नाही.

आता सुरुवात कुठून. १८५८च्या आधीची प्रूफ सोडून द्या. ती भेटीदाखल किंवा ओळखीच्या संग्राहकांसाठी अगदी थोडी निघत, नोंदी नीट नाहीत, आणि टांकसाळीतल्याच लोकांनी नंतर जुन्या ठशांवरून केलेले रिस्ट्राइक त्यांत मिसळलेले आहेत. मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींचे रिस्ट्राइक हाताळणाऱ्यांना हा गुंता ओळखीचा आहे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १८०४चा डॉलर: प्रत्यक्षात १८३४च्या सुमारास, सयाम आणि मस्कतच्या राज्यकर्त्यांना द्यायच्या भेटसंचांसाठी पाडलेला. ज्ञात नाणी १५, त्यांतली ७ तर १८५८च्या सुमारास किंवा नंतर केलेली रिस्ट्राइक, आणि त्यांतलं एक स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या १८५७च्या नेमबाजी थेलरवर, म्हणजे नेमबाजी महोत्सवाच्या चांदीच्या नाण्यावरच, ठोकलेलं. तो संच घेऊन निघालेलं ‘पीकॉक’ हे जहाज १८३५मध्ये ओमानच्या मासिरा बेटाजवळ रुतलं आणि पुढे दुरुस्तीसाठी मुंबईत आलं. सयामच्या राजाची ती नाणी बँकॉकला पोचण्याआधी आपल्या बंदरात थांबून गेली, हे मला फार आवडतं.

१८५८पासून टांकसाळ प्रूफ संच सर्वांना विकू लागली, आणि १८५९पासूनचे चांदीच्या प्रूफचे आकडे उपलब्ध आहेत. १८६३मध्ये ४६०, १८७७मध्ये ५१०, १८८०मध्ये १,३५५, १८९०मध्ये ५९०, १८९२मध्ये, बार्बरच्या नव्या नाण्यांच्या पहिल्या वर्षी, १,२४५. हे आकडे कमाल मर्यादा समजा. न विकलेली प्रूफ वितळवली गेली किंवा चलनात सोडली गेली.

या आकड्यांच्या मागे धावू नका. १८७७चा प्रूफ अर्धा डॉलर १८८०च्या तुलनेत निम्म्याहून कमी निघाला, तरी किमतीत तेवढा फरक नाही, कारण बहुतेक लोक प्रत्येक प्रकाराचं एकच प्रूफ घेतात, साल कुठलंही चालतं. किंमत वाढते ती त्याच सालचं चलनी नाणं मिळत नसेल तेव्हा. १८८४च्या पावलीची चलनी नाणी ८,००० होती, म्हणून सालवार जमवणारेही प्रूफकडे वळतात. याचं टोक म्हणजे १८९५चा मॉर्गन डॉलर: प्रूफ ८८०, चलनी १२,००० नोंदले गेले पण एकही सापडलेलं नाही. त्यामुळे त्याची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते, आणि १८९५-ओ (न्यू ऑर्लिन्स) किंवा १८९५-एस (सॅन फ्रान्सिस्को) नाण्यावरचं टांकसाळीचं अक्षर खरवडून नकली ‘१८९५’ बनवले जातात. मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या गाठीखाली, डॉलर या शब्दाच्या डी आणि ओ या अक्षरांच्या वर, ती जागा भिंगाने तपासा: फील्डचा पोत बदललेला दिसतो. आणि आरसा नसेल तर पुढे बघायचंच कारण नाही.

हाती मध्यम रक्कम असेल तर माझी शिफारस एका सालाच्या संचाची, आणि ते साल १८८०. डाइम, पावली, अर्धा, मॉर्गन डॉलर आणि ट्रेड डॉलर अशी पाच चांदीची नाणी. पहिल्या चारांची संख्या १,३५५, ट्रेड डॉलरची १,९८७, कारण त्या वर्षी ट्रेड डॉलरवर सट्टा चालला होता. पुरवठा बरा असल्याने निवडीला वाव आहे. शिवाय पाच आकारांत प्रूफ कसं दिसतं याचं शिक्षण मिळतं. डाइमपासून सुरू करा, ६३-६४ श्रेणीत ती काहीशे डॉलरला येते. ट्रेड डॉलर शेवटी. त्याच पैशांत कमी श्रेणीचा अर्धा आणि चांगली डाइम असा पर्याय आला तर डाइम घ्या. ६१चं मोठं नाणं विकताना कुणी उत्साहाने घेत नाही.

खरेदी पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलीच असू द्या. प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या छायाचित्राशी टोनिंगचा आकार जुळवा, कारण स्लॅबही नकली निघतात. ‘डीटेल्स’ लिहिलेलं प्रूफ स्वस्त दिसतं, पण ते साफसफाईने किंवा आणखी कशाने बिघडलेलं असतं. अभ्यासासाठी एक जरूर घ्या, संग्रहासाठी नको. सीएसी या, स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासणाऱ्या संस्थेचा हिरवा स्टिकर असेल तर श्रेणीत नाणं भक्कम आहे असं आणखी एका जाणत्या नजरेचं मत मिळतं. लिलावात बोलीवर विसेक टक्के खरेदीदाराचं शुल्क चढतं, म्हणून १,२०० डॉलरची तयारी असेल तर हात १,०००वर थांबवा. एलियासबर्ग, पिटमन, गॅरेट अशा जुन्या संग्रहांतून आलेल्या नाण्याला थोडं जास्त द्यायला हरकत नाही. अशी नाणी वर्षानुवर्षं एका जागी राहिली, म्हणून पृष्ठभाग मूळचा असण्याची शक्यता जास्त. मात्र नाव लेबलवर हवं, विक्रेत्याच्या तोंडी नको.

तुमच्या १८८४च्या नाण्याबाबत विक्रेत्याला एकच विचारा: नाणं पीसीजीएस किंवा एनजीसीकडे पाठवतो, प्रूफ म्हणून साफ श्रेणी मिळाली तर हा भाव, नाहीतर नाणं परत. प्रामाणिक माणूस तयार होतो.

साठवणुकीत सगळ्यात मोठा शत्रू दमट हवा आणि पीव्हीसी. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून पीव्हीसीचा हिरवट चिकटा नाण्यावर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, न घासता निघतो. एकदा बुडवून दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये विसळा आणि हवेवर वाळू द्या. नेलपॉलिश काढायचा द्रव नको, ज्योत जवळ नको, पुसणं तर नाहीच. स्लॅब हवाबंद नसतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की पुन्हा तापवा. रबर, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ ठेवू नका, तिन्हींतून गंधक येतो.

भारतात परतायचा विचार असेल तर नाणी बरोबर आणण्याआधी नीट चौकशी करा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं कुठलंही नाणं पुरावस्तूत मोडतं. व्याख्येत देशी-परदेशी असा भेद नाही, आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. म्हणजे एकदा मुंबईत किंवा पुण्यात आणलेलं १८८०चं प्रूफ श्रेणीसाठी किंवा लिलावासाठी परत अमेरिकेला पाठवणं अडू शकतं. भारतात या नाण्यांना खरेदीदार मोजकेच. ज्यांची विक्री पुढेमागे अमेरिकेतच करायची आहे ती नाणी तिथल्याच लॉकरमध्ये राहू द्या, आणि सोबत आणायची असतील तर सीमाशुल्क विभाग व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्याकडून आधी लेखी उत्तर घ्या.